टर्मिनलमधून लेझर प्रिंटरपर्यंत: कागदपत्रं छपाईसाठी तयार कशी करायची

दोन पानांचं पत्र छापायला पाठवावं आणि ट्रेमध्ये एकामागून एक कागद येत राहावेत. पहिल्याच्या डोक्यावर '%पीडीएफ-१.४' अशी ओळ, आणि खाली पानंच्या पानं निरर्थक चिन्हं. कमांड लाइनवरून, म्हणजे टर्मिनलच्या खिडकीत हुकूम टाइप करून, छपाई सुरू करणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हे कधी ना कधी येतं. प्रिंटर बिघडलेला नसतो. त्याला न कळणारी भाषा त्याच्यापुढे गेलेली असते आणि ती त्याने साधा मजकूर समजून इमानेइतबारे छापलेली असते.

यातून वाचायचं तर क्रम पाळायचा. आधी कागदपत्राची नीट पीडीएफ करायची, मग ती तपासायची, आणि गरज असेल तरच तिचं प्रिंटरच्या भाषेत रूपांतर करायचं. मधली तपासणीची पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक ती गाळतात, आणि बरेचसे घोळ तिथेच जन्माला येतात.

एकदोन फाइली कधीमधी छापायच्या असतील तर या वाटेला जाऊ नका, प्रिंटचं बटण पुरेसं आहे. फाइली ढीगभर असतील, दर वेळी तीच सेटिंग लागत असेल किंवा पडदा नसलेल्या सर्व्हरवरून छापायचं असेल, तेव्हा मात्र कमांड लाइनला तोड नाही.

कमांड वाचण्याची रीत आधी सांगतो. इथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत; टाइप करताना रोमन अक्षरं आणि इंग्रजी अंक वापरायचे. 'एलपी'सारखं अक्षरांचं नाव दिसलं की ती अक्षरं, 'हेडलेस'सारखा शब्द दिसला की त्याचं नेहमीचं स्पेलिंग. वेगळं सांगितलं नसेल तर सगळी अक्षरं छोटी. छोट्या-मोठ्या अक्षरांचा फरक इथे खरोखर महत्त्वाचा आहे.

## काय काय लागेल

- लिबरऑफिस: वर्ड, एक्सेल, ओडीटी अशा फाइलींची पीडीएफ करायला.
- घोस्टस्क्रिप्ट: पीडीएफचं प्रिंटरच्या भाषेत रूपांतर करणारं मुख्य साधन. एल. पीटर डॉइच यांनी ते १९८८ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलं आणि आजही त्याला पर्याय शोधावा लागत नाही.
- पॉपलर-युटिल्स: यात पीडीएफइन्फो, पीडीएफफॉन्ट्स, पीडीएफटूपीपीएम ही तपासणीची छोटी साधनं येतात.
- क्यूपीडीएफ: पानं काढायला, जोडायला, फाइल धड आहे का ते बघायला.
- कप्स: छपाईची रांग सांभाळणारी यंत्रणा. लिनक्सवर बहुधा असतेच, मॅकवर तर आधीपासून असते.
- पॅप्स: साध्या मजकुराच्या फाइलींसाठी.
- देवनागरी फॉन्ट: नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी, निदान एक तरी.

याशिवाय प्रिंटरचं नेमकं मॉडेल, त्याचा नेटवर्कवरचा पत्ता आणि ट्रेमध्ये कोणत्या मापाचा कागद आहे ही माहिती हाताशी ठेवा. डेबियन किंवा उबुंटूवर वरची सगळी साधनं एपीटी या प्रोग्राम बसवणाऱ्या कमांडने मिळतात.

विंडोजवाल्यांसाठी: तिथे घोस्टस्क्रिप्टच्या कमांडचं नाव 'जीएसविन६४सी' असं आहे. शेवटचा सी विसरलात तर वेगळी खिडकी उघडते. खालचे कप्सचे भाग तिथे लागू नाहीत. छापण्यासाठी सुमात्रापीडीएफ हा छोटा प्रोग्राम कमांड लाइनवरून प्रिंटरचं नाव आणि सेटिंग घेतो. पुढचं सगळं लिनक्स धरून लिहिलं आहे.

## १. प्रिंटरला कोणती भाषा कळते ते शोधा

लेझर प्रिंटरची दोन जुनी घराणी आहेत. एचपीचा पहिला लेझरजेट १९८४ मध्ये आला, त्याची भाषा पीसीएल. अ‍ॅडोबीची पोस्टस्क्रिप्टही १९८४ चीच, आणि १९८५ मध्ये अ‍ॅपलच्या लेझररायटरने ती गाजवली. आजचे कार्यालयीन प्रिंटर बहुधा यातली एक किंवा दोन्ही बोलतात. अलीकडचे पुष्कळसे प्रिंटर पीडीएफही थेट घेतात.

तिसरा प्रकार स्वस्त प्रिंटरांचा. त्यांना स्वतःला फारसं काही कळत नाही. पान रंगवण्याचं सगळं काम संगणकावरचा ड्रायव्हर करतो आणि प्रिंटर फक्त ठिपके उमटवतो. असा प्रिंटर असेल तर सहावी पायरी तुमच्या कामाची नाही.

माहितीपत्रकात 'एम्युलेशन' किंवा 'प्रिंटर लँग्वेज' अशी ओळ शोधा. इथे नावांचा गोंधळ आहे. ब्रदरचं 'बीआर-स्क्रिप्ट' आणि क्योसेराचं 'केपीडीएल' ही पोस्टस्क्रिप्टचीच रूपं. 'पीसीएल ६' आणि 'पीसीएल एक्सएल' साधारण एकच समजा. पण नुसतं 'जीडीआय', सॅमसंगचं 'एसपीएल' किंवा कॅननचं 'कॅप्ट' एवढंच लिहिलेलं असेल, तर तो तिसऱ्या प्रकारातला.

प्रिंटर नेटवर्कवर असेल तर त्यालाच विचारता येतं:

```
आयपीपीटूल -टीव्ही आयपीपी://प्रिंटरचा-पत्ता/आयपीपी/प्रिंट गेट-प्रिंटर-अ‍ॅट्रिब्यूट्स.टेस्ट
```

लांबलचक उत्तर येईल. त्यात 'डॉक्युमेंट-फॉरमॅट-सपोर्टेड' ही एकच ओळ पाहा. तिथे 'अ‍ॅप्लिकेशन/पीडीएफ' दिसलं तर तुमचं निम्मं काम वाचलं.

## २. कप्समध्ये प्रिंटर जोडा

'एलपीस्टॅट -पी -डी' दिल्यावर प्रिंटरचं नाव दिसत असेल तर ही पायरी सोडा. नसेल तर:

```
एलपीअ‍ॅडमिन -पी कार्यालय -ई -व्ही आयपीपी://प्रिंटरचा-पत्ता/आयपीपी/प्रिंट -एम एव्हरीव्हेअर
```

यातलं ई मोठं, आणि त्याची जागा महत्त्वाची. नावानंतर आलं तर 'प्रिंटर चालू कर, कामं स्वीकार' असा अर्थ होतो. तेच '-पी'च्या आधी आलं तर 'जोडणी सांकेतिक कर' असा होतो. मग प्रिंटर यादीत दिसतो पण काम घेत नाही, आणि माणूस केबल तपासत बसतो. 'कार्यालय'च्या जागी हवं ते नाव द्या, त्यात मोकळी जागा मात्र नको.

शेवटचं 'एव्हरीव्हेअर' म्हणजे वेगळा ड्रायव्हर न लागणारी पद्धत. आधुनिक प्रिंटरला ती चालते. जुन्याला चालली नाही तर 'एलपीइन्फो -एम'ने उपलब्ध ड्रायव्हरांची यादी मिळते, त्यातून निवडा.

## ३. कागदपत्राची पीडीएफ करा

```
एसऑफिस --हेडलेस --कन्व्हर्ट-टू पीडीएफ --आउटडिर छपाई अहवाल.डॉकएक्स
```

'एसऑफिस' हा एकच शब्द, एस आणि ऑफिस चिकटून. 'छपाई' हा फोल्डर, त्यात पीडीएफ येईल. फाइलच्या नावाऐवजी '*.डॉकएक्स' दिलं तर सगळ्या फाइली एका दमात होतात.

सापळा पहिला: काहीच न होणं. लिबरऑफिसची खिडकी आधीच उघडी असेल तर ही कमांड कधीकधी मुकाट्याने संपते. चूक दाखवत नाही, पीडीएफही करत नाही. एक तर खिडकी बंद करा, नाहीतर कमांडमध्ये वेगळं प्रोफाइल द्या:

```
-एन्व्ह:युजरइन्स्टॉलेशन=फाइल:///टीएमपी/एलओ
```

('एन्व्ह' म्हणजे ई, एन, व्ही, यू आणि आय मोठे.) स्क्रिप्ट लिहीत असाल तर हे कायमच घाला.

सापळा दुसरा: फॉन्ट. हा सगळ्यात मोठा, म्हणून जरा थांबून वाचा. वर्डची फाइल ज्या फॉन्टमध्ये बनली तो तुमच्या यंत्रावर नसेल तर लिबरऑफिस न विचारता दुसरा लावतं. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो, कँब्रियाच्या जागी कॅलाडिया, टाइम्स न्यू रोमनच्या जागी लिबरेशन सेरिफ आला तर फारसं बिघडत नाही. या जोड्यांमधल्या अक्षरांच्या रुंद्या मुद्दाम सारख्या ठेवलेल्या आहेत. फक्त ते फॉन्ट बसवलेले हवेत. देवनागरीत असा आधार धरू नका. मंगलमध्ये केलेला मजकूर लोहितमध्ये गेला की ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात, तक्त्यातल्या चौकटी उंच होतात आणि सहीची जागा पुढच्या पानावर एकटी जाऊन बसते.

कोणता फॉन्ट कशाने बदलला जाईल ते आधीच विचारता येतं:

```
एफसी-मॅच "मंगल"
```

उत्तरात मंगलच आला तर ठीक. दुसरं नाव आलं तर तोच पर्यायी फॉन्ट छापला जाणार आहे. मराठी अक्षरं असलेले कोणते फॉन्ट यंत्रावर आहेत ते 'एफसी-लिस्ट :लँग=एमआर'ने दिसतं.

युनिकोडच्या आधीच्या पद्धतीने, म्हणजे श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल असेल तर गोष्टच वेगळी. तिथे आतली अक्षरं देवनागरी नसतातच. फॉन्ट नसेल तर रोमन अक्षरांचा काला दिसतो, आणि नोटो किंवा लोहित बसवून काहीही फरक पडत नाही. तोच मूळ फॉन्ट मिळवा किंवा फाइल पाठवणाऱ्याकडूनच पीडीएफ करून घ्या. दुसरा मार्ग जास्त शहाणपणाचा.

एक्सेलच्या फाइली थेट रूपांतरित करू नका. रुंद तक्ता असेल तर उजवीकडचे दोन स्तंभ वेगळ्या पानांवर जातात आणि तीन पानांच्या तक्त्याची सहा पानं होतात. आधी फाइल उघडून छपाईची कक्षा ठरवा, पानाच्या रचनेत 'रुंदी एका पानात बसवा' हा पर्याय निवडा, जतन करा, आणि मग कमांड चालवा.

## ४. पीडीएफ तपासा

तीन कमांड आहेत. पहिली:

```
पीडीएफइन्फो अहवाल.पीडीएफ
```

यात पानांची संख्या आणि पानाचं माप पाहा. ए४ असेल तर माप ५९५ गुणिले ८४२ च्या आसपास दिसेल. हे आकडे पॉइंटमध्ये असतात, एक इंच म्हणजे ७२ पॉइंट. ६१२ गुणिले ७९२ दिसलं तर ते अमेरिकी लेटर माप आहे, त्याचा बंदोबस्त पुढच्या पायरीत.

दुसरी, आणि माझ्या मते या लेखातली सगळ्यात उपयोगी:

```
पीडीएफफॉन्ट्स अहवाल.पीडीएफ
```

प्रत्येक फॉन्टची एक ओळ येते. नाव काहीसं 'बीएएएएए+लोहित-देवनागरी' असं दिसेल. अधिकच्या खुणेआधीची सहा अक्षरं म्हणजे त्या फॉन्टमधली फक्त लागणारी अक्षरं फाइलमध्ये घेतल्याची खूण आहे, त्यात बिघाड काही नाही. तुम्ही पाहायचा तो 'ईएमबी' नावाचा स्तंभ. तिथे सगळीकडे 'येस' हवं. 'नो' असेल तर तो फॉन्ट फाइलच्या आत नाही आणि छापताना जो सापडेल तो लागेल. हेल्व्हेटिका किंवा टाइम्ससाठी 'नो' असेल तर सहसा निभावतं. देवनागरी फॉन्टपुढे 'नो' असेल तर पुढे जाऊच नका. फॉन्ट आत घालून नवी पीडीएफ मागवा.

तिसरी कमांड पानाचं चित्र काढते:

```
पीडीएफटूपीपीएम -आर १०० -पीएनजी -एफ १ -एल ३ अहवाल.पीडीएफ पान
```

पहिल्या तीन पानांची चित्रं मिळतील. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. पहिलं पान बहुधा सुरेखच असतं, बिघडतं ते तक्त्याचं किंवा आडवं पान. 'एफ' आणि 'एल'मध्ये त्या पानांचे क्रमांक द्या आणि तीच उघडून पाहा. जोडाक्षरं जुळलीत का, रफार योग्य अक्षरावर आहे का, पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे आहे का, एवढं डोळ्यांखालून घाला.

पीडीएफमधला मराठी मजकूर कॉपी केला तर तो अनेकदा विस्कटलेला येतो. त्याने घाबरू नका. कॉपी होणारा मजकूर आणि छापली जाणारी आकृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्र बरोबर असेल तर छपाई बरोबर येईल.

## ५. कागदाचं माप, कडा आणि करडा रंग

ए४ कागद २१० गुणिले २९७ मिलिमीटर. लेटर साधारण २१६ गुणिले २७९, म्हणजे थोडा रुंद आणि जवळजवळ १८ मिलिमीटर आखूड. लेटर मापाची फाइल ए४ कागद असलेल्या प्रिंटरला पाठवली तर काही प्रिंटर काम अडवून लेटर कागदाची वाट पाहत बसतात. जुन्या लेझरजेटच्या छोट्या पडद्यावर यासाठी 'पीसी लोड लेटर' असा संदेश यायचा. त्यातलं पीसी म्हणजे पेपर कॅसेट, पण लोक संगणकाकडे बघत राहायचे.

फाइलच ए४ करून घेणं उत्तम:

```
जीएस -ओ ए४.पीडीएफ -एसडिव्हाइस=पीडीएफराइट -एसपेपरसाइझ=ए४ -डीफिक्स्डमीडिया -डीपीडीएफफिटपेज लेटर.पीडीएफ
```

घोस्टस्क्रिप्टचे पर्याय असे वाचा: सुरुवातीचं एस किंवा डी छोटं, आणि त्याला चिकटून येणारं 'डिव्हाइस', 'पेपरसाइझ', 'फिक्स्डमीडिया' पूर्ण मोठ्या अक्षरांत. 'पीडीएफफिटपेज'मध्ये पीडीएफ मोठ्या अक्षरांत, शिवाय फिटचं एफ आणि पेजचं पी मोठं. बरोबरच्या खुणेनंतरचा भाग छोटा. '-ओ' दिल्याने प्रत्येक पानाला थांबणं आणि शेवटी बाहेर पडणं या दोन्हींची सोय होते, त्यामुळे जुन्या उदाहरणांत दिसणारे 'नोपॉज' आणि 'बॅच' हे पर्याय लिहावे लागत नाहीत.

लेझर प्रिंटर अगदी कडेपर्यंत छापत नाहीत. चारही बाजूंना साधारण चार-पाच मिलिमीटर सोडतात. पानाची चौकट किंवा तळटीप त्या पट्ट्यात असेल तर कापली जाईल. समास किमान दहा मिलिमीटर ठेवला की ही डोकेदुखी संपते.

काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर रंगीत फाइल पाठवताना आधी तिचं करडं रूप पाहून घ्या:

```
जीएस -ओ करडी.पीडीएफ -एसडिव्हाइस=पीडीएफराइट -एसकलरकन्व्हर्जनस्ट्रॅटेजी=ग्रे -डीप्रोसेसकलरमॉडेल=/डिव्हाइसग्रे रंगीत.पीडीएफ
```

या लांब नावांमध्ये ('ग्रे' आणि 'डिव्हाइसग्रे' धरून) प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, आणि कलर, ग्रे यांची स्पेलिंग अमेरिकी. करड्याचा ढोबळ हिशोब असा: लाल ३० टक्के, हिरवा ५९, निळा ११. म्हणून पिवळा जवळजवळ पांढरा होतो, आणि पिवळ्या अक्षरांतली सूचना कागदावर गायब होते. भडक लाल आणि गडद हिरवा जवळपास एकाच छटेत येतात. आलेखात 'जमा' हिरवी आणि 'खर्च' लाल असेल तर छापल्यावर कुठलं काय ते ओळखता येणार नाही. तिथे रंगाऐवजी रेघांचे नमुने वापरा.

टोनर एकतर पडतो किंवा पडत नाही, करडं असं त्याला काही माहीत नाही. करडी छटा म्हणजे काळ्या ठिपक्यांची जाळी. त्यामुळे बारीक करड्या रेघा तुटक दिसतात. तक्त्यांच्या रेघा बारीक हव्या असतील तर पूर्ण काळ्या ठेवा.

फाइल लहान करायची म्हणून '-डीपीडीएफसेटिंग्ज=/स्क्रीन' ('पीडीएफसेटिंग्ज' पूर्ण मोठ्या अक्षरांत) वापरायचा मोह होतो. त्याने चित्रं इंचाला ७२ ठिपक्यांवर येतात आणि छापल्यावर खडबडीत दिसतात. छपाईसाठी '/प्रिंटर' घ्या, त्यात ३०० ठिपके राहतात.

## ६. प्रिंटरच्या भाषेत रूपांतर (लागलं तरच)

कप्समध्ये प्रिंटर नीट जोडलेला असेल तर हे काम कप्स स्वतः करतं, सरळ सातव्या पायरीवर जा. ही पायरी तीन प्रसंगांत लागते: कप्स नसलेल्या यंत्रावरून छापायचं असेल, जुन्या प्रिंटरला योग्य ड्रायव्हर मिळत नसेल, किंवा ठरावीक फाइलवर प्रिंटर अडकत असेल.

पीसीएल ५ समजणाऱ्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरसाठी:

```
जीएस -ओ अहवाल.पीसीएल -एसडिव्हाइस=एलजेट४ -आर६०० -एसपेपरसाइझ=ए४ अहवाल.पीडीएफ
```

पीसीएल ६ साठी 'एलजेट४'च्या जागी 'पीएक्सएलमोनो', रंगीत असेल तर 'पीएक्सएलकलर'. पोस्टस्क्रिप्टसाठी 'पीएस२राइट'. 'एलजेट' म्हणजे एल अक्षर आणि जेट. मोनो, कलर, राइट यांची स्पेलिंग नेहमीची.

'एलजेट४' पानाचं संपूर्ण चित्र करून पाठवतं. प्रिंटरमध्ये देवनागरी फॉन्ट असण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि गुंतागुंतीच्या नकाशांवर प्रिंटरची मेमरी संपत असेल तर हाच उपाय. किंमत मोजावी लागते ती आकारात. ६०० ठिपक्यांना ए४ पान ४९६० गुणिले ७०१६ ठिपक्यांचं होतं, दाबण्याआधी साधारण ४.३ मेगाबाइट. साध्या मजकुराचं पान दाबल्यावर खूप लहान होतं, फोटोंचं होत नाही. फारच संथ चाललं तर '-आर३००' करा, माहिती एक चतुर्थांशावर येते.

## ७. छापायला पाठवा

```
एलपी -डी कार्यालय -एन २ -ओ मीडिया=ए४ -ओ साइड्स=टू-साइडेड-लाँग-एज अहवाल.पीडीएफ
```

'मीडिया'नंतरच्या ए४ मधलं ए मोठं. '-एन' प्रतींची संख्या. ठरावीक पानं हवी असतील तर मोठं पी: '-पी १-४,७'.

एलपीआर नावाची जुळी कमांडही आहे, आणि तिथे मोठं पी प्रिंटरचं नाव सांगतं. दोन्ही आलटूनपालटून वापरणारे इथे हमखास फसतात. एक निवडा आणि तीच वापरा. मी एलपीच सुचवेन.

तुमच्या प्रिंटरला कोणकोणते पर्याय आहेत ते 'एलपीऑप्शन्स -पी कार्यालय -एल' दाखवतं. त्यात तारांकित असतं ते सध्याचं सेटिंग.

सहाव्या पायरीतली पीसीएल फाइल पाठवताना '-ओ रॉ' जोडा, म्हणजे कप्स तिला हात लावणार नाही. आणि सुरुवातीला सांगितलेला चिन्हांचा पाऊस नेमका इथून येतो: पीडीएफ न समजणाऱ्या प्रिंटरला 'रॉ' लावून पीडीएफ पाठवली की. 'रॉ' फक्त प्रिंटरच्या भाषेतल्या फाइलींसाठी. कप्स नसेल तर तीच फाइल प्रिंटरच्या ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर एनसी या कमांडने थेट ढकलता येते.

मोठं काम पाठवण्याआधी तक्त्याचं एखादं पान '-पी'ने एकटं छापून बघा.

## ८. दोन्ही बाजूंना छपाई

उभ्या पानांना 'लाँग-एज', आडव्या पानांना 'शॉर्ट-एज'. उलट केलंत तर मागची बाजू डोक्यावर उभी येते.

प्रिंटरला ही सोय नसेल तर आधी '-ओ पेज-सेट=ऑड' देऊन विषम पानं छापा, गठ्ठा पुन्हा ट्रेमध्ये घाला, आणि '-ओ पेज-सेट=ईव्हन' द्या. गठ्ठा कोणत्या बाजूने घालायचा हे प्रत्येक प्रिंटरचं वेगळं असतं. कोऱ्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने फुली मारा, चार पानांची फाइल छापा आणि फुली कुठे आली ते बघून ठेवा. क्रम उलटा आला तर '-ओ आउटपुटऑर्डर=रिव्हर्स' जोडा. एकूण पानं विषम असतील तर शेवटचा कागद दुसऱ्या फेरीआधी बाजूला काढा, नाहीतर मागच्या बाजूची पानं भलत्याच कागदांवर पडू शकतात.

पुस्तिका करायची तर पीडीएफची पानं हवी तशी मांडणारं पीडीएफजॅम हे साधन वापरा:

```
पीडीएफजॅम --बुकलेट ट्रू --लँडस्केप --पेपर ए४पेपर अहवाल.पीडीएफ
```

पानं चारच्या पटीत नसतील तर शेवटी कोरी पानं येतात. बारा पानांच्या पुस्तिकेत पहिल्या कागदाच्या पुढच्या बाजूला १२ आणि १, मागे २ आणि ११ येतात; तसं दिसलं तर रचना बरोबर आहे. ही फाइल छापताना 'शॉर्ट-एज'.

## ९. साध्या मजकुराच्या फाइली

टीएक्सटी फाइलींसाठी जुन्या लेखांमध्ये ए२पीएस आणि एनस्क्रिप्ट सुचवलेले दिसतील. इंग्रजीसाठी ते छान आहेत, मराठी युनिकोड मजकुराला कुचकामी. पॅप्स हे साधन जोडाक्षरांची जुळणी नीट करतं:

```
पॅप्स --फॉन्ट="नोटो सान्स देवनागरी ११" --पेपर=ए४ टिपणं.टीएक्सटी > टिपणं.पीएस
```

मग 'पीएस२पीडीएफ टिपणं.पीएस', आणि पुन्हा चौथी पायरी.

मार्कडाउनमधून (साध्या खुणांनी मांडणी दाखवणाऱ्या मजकुरातून) पॅनडॉक या रूपांतराच्या साधनाने पीडीएफ करत असाल तर '--पीडीएफ-इंजिन=झीलाटेक' द्यावंच लागतं (टाइप करताना एक्स, ई आणि मग लाटेक), कारण मूळ इंजिन देवनागरी घेत नाही. मेनफॉन्टबरोबर 'मेनफॉन्टऑप्शन्स'मध्ये 'स्क्रिप्ट=देवनागरी' (एस आणि डी मोठे) हेही द्या. ते राहिलं तर अक्षरं उमटतात पण 'क्ष', 'त्र' सुटे पडतात आणि पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला जाते.

## १०. अडकलं तर

'एलपीस्टॅट -टी' सगळी परिस्थिती दाखवतं. प्रिंटरपुढे 'डिसेबल्ड' असेल तर 'कप्सइनेबल कार्यालय' द्या. कागद अडकल्यावर किंवा नेटवर्क तुटल्यावर कप्स बऱ्याचदा प्रिंटरला असं बंद ठेवतं, आणि प्रिंटर बंद-चालू करून ते सुटत नाही.

चुकीचं काम गेलं तर 'कॅन्सल -ए कार्यालय'ने त्या प्रिंटरची रांग रिकामी होते. तरी कागद येतच राहिले तर उरलेला मजकूर प्रिंटरच्या मेमरीत आहे. प्रिंटरवरचं रद्द करण्याचं बटण दाबा. नुसता ट्रे ओढून काढलात तर परत घातल्यावर तो जिथे थांबला तिथून सुरू करतो.

काम 'पूर्ण' दिसतंय पण कागद नाही, असं झालं तर लॉग, म्हणजे कप्सच्या नोंदींची फाइल, वाचायला हवा. सविस्तर नोंदी सुरू करणारी कमांड आहे कप्ससीटीएल:

```
कप्ससीटीएल --डीबग-लॉगिंग
```

पुन्हा छापा आणि 'व्हार' फोल्डरमधल्या 'लॉग/कप्स' इथे 'एरर_लॉग' ही फाइल उघडा. त्यात 'फिल्टर फेल्ड' अशी ओळ सापडली तर रूपांतरात गडबड आहे. मूळ पीडीएफ 'क्यूपीडीएफ --चेक'ने तपासा आणि घोस्टस्क्रिप्टच्या पीडीएफराइटमधून एकदा काढून पाठवून बघा; फाटक्या फाइली पुष्कळदा तेवढ्याने सुधारतात. काम झालं की '--नो-डीबग-लॉगिंग' द्या, नाहीतर लॉगची फाइल फुगत राहते.